कर्नलचं अपडेट: उतरलं, बसलं, पण चालू झालं का?

सांगलीत मार्केट यार्डात, विश्रामबागेत, कुपवाडच्या एमआयडीसीत दहा-वीस मशीनची देखभाल अंगावर घेतलेली पोरं बरीच आहेत. डिप्लोमा झालेला असतो, विंडोज टाकता येतं, प्रिंटर नेटवर्कवर लावता येतो. पण 'कर्नलमध्ये गंभीर त्रुटी, ताबडतोब अपडेट करा' अशी बातमी आली आणि दुकानदाराचा फोन वाजला, की सुरुवात कुठून करायची आणि काम झालं हे कशावरून म्हणायचं, इथं गाडी अडते. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

डोळ्यांसमोर एक नेहमीचं दुकान ठेवू. हळदीची अडत. मागच्या खोलीत उबंटू २२.०४ वर (उबंटू हा लिनक्सचाच एक प्रकार) चालणारा छोटा सर्व्हर, त्यात हिशेबाचा सगळा डेटा. पुढं काउंटरवर दोन विंडोज मशीन, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, वजनकाट्याकडून आलेली वायर. आणि शेठच्या खिशात अँड्रॉइड फोन. यातल्या प्रत्येक यंत्रात एक कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, आहे आणि प्रत्येकाचं अपडेट वेगळ्या वाटेनं येतं. सर्व्हरवर जास्त वेळ घालवणार आहे, कारण चुका तिथंच जास्त होतात.

कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या.

कर्नलच का?

ब्राउझर असो की हिशेबाचं सॉफ्टवेअर, मेमरी, डिस्क, नेटवर्क यांपैकी काहीही हवं असलं तरी ते कर्नलकडे मागावं लागतं. कोणी काय वाचायचं, कोणी काय लिहायचं हे कर्नल ठरवतो. साध्या प्रोग्रॅममध्ये त्रुटी निघाली तर नुकसान सहसा त्या वापरकर्त्याच्या हक्कांपुरतं राहतं. कर्नलमध्ये निघाली तर हक्क ठरवणाराच फितूर झाला. साध्या लॉगिनवरून माणूस थेट रूट, म्हणजे मशीनवर सगळे हक्क असलेला वापरकर्ता, होतो.

२०२२च्या मार्चमध्ये जाहीर झालेली 'डर्टी पाइप' ही त्रुटी घ्या, सीव्हीई-२०२२-०८४७ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या त्रुटीला मिळणारा ओळख नंबर). मॅक्स केलरमन हा प्रोग्रॅमर वेब सर्व्हरच्या लॉगच्या फाइली अधूनमधून खराब का होतात याचा माग काढत होता. खणत खणत तो कर्नलपर्यंत पोचला. ज्या फाइलला फक्त वाचायची परवानगी आहे तिच्या मेमरीतल्या प्रतीवर कुणीही साधा वापरकर्ता लिहू शकत होता, आणि हे कर्नल ५.८ पासून चालू होतं. त्याआधीची 'डर्टी काऊ' तर २००७ पासून कर्नलमध्ये बसून होती आणि बुजली २०१६च्या ऑक्टोबरमध्ये.

म्हणजे त्रुटी जुनीच असते. धोका वाढतो तो दुरुस्ती जाहीर झाल्यावर. लिनक्सचा कोड सगळ्यांसमोर उघडा आहे, त्यामुळे दुरुस्तीत कुठली ओळ बदलली हे वाचलं की भोक नेमकं कुठं होतं हे जाणकाराला कळतं. विंडोजचा कोड उघडा नाही, पण जुनी आणि नवी फाइल समोरासमोर ठेवून तिथंही तेच करतात. पॅच, म्हणजे ही दुरुस्ती, आल्यापासून तुमच्या मशीनवर तो चालू होईपर्यंतचा जो काळ आहे, तेवढाच तुमच्या हातात आहे.

आधी चालू काय आहे ते बघा

सर्व्हरवर टर्मिनल उघडा आणि लिहा:

यूनेम -आर

समजा उत्तर आलं ५.१५.०-११३-जेनेरिक. यात ५.१५ ही कर्नलची मूळ मालिका. मधला ११३ हा उबंटूचा स्वतःचा आकडा, आणि आपल्याला कामाचा तोच. शेवटचा शब्द कर्नलचा प्रकार सांगतो.

इथं नवी पोरं हमखास फसतात. बातमीत लिहिलेलं असतं, 'डर्टी पाइप ५.१५.२५ मध्ये दुरुस्त झाली.' पोरगा यूनेम चालवतो, त्याला ५.१५.० दिसतं, घाबरून तो इंटरनेटवरून कुठला तरी कोरा नवा कर्नल उतरवून बसवायच्या मागे लागतो. ते करू नका. उबंटू, डेबियन, रेड हॅट ही मंडळी मूळ मालिकेचा आकडा तसाच ठेवतात आणि पुढच्या आवृत्तीतली दुरुस्ती मागे आणून आपल्या कर्नलमध्ये बसवतात. आकडा जुना दिसतो, आत दुरुस्ती असते. बाहेरून आणलेल्या कर्नलला मात्र उबंटूकडून पुढची सुरक्षा अपडेट्स मिळत नाहीत. आज धाकापोटी बसवलेला तो कर्नल सहा महिन्यांनी दुकानातलं सगळ्यात कच्चं ठिकाण झालेला असतो.

बातमी आपल्याला लागू आहे का?

व्हॉट्सॲपवर आलेल्या फॉरवर्डवर काम करायचं नाही. त्यात सीव्हीईचा नंबर आहे का ते बघा. नसेल तर भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेची मूळ सूचना शोधा, त्यात नंबर असतो. मग उबंटूच्या सुरक्षा विभागाच्या साइटवर तो नंबर घाला. तुमच्या आवृत्तीसमोर 'फिक्स्ड' लिहिलं असेल तर शेजारी पॅकेजचा आकडा असतो. यूनेममध्ये दिसणारा आकडा तेवढा किंवा त्याच्या पुढचा असला की झालं. 'नॉट अफेक्टेड' असेल तर चहा घ्या. 'व्हल्नरेबल' किंवा 'नीड्स इव्हॅल्युएशन' असेल तर दुरुस्ती अजून यायची आहे.

मशीनवरूनच विचारायचं तर प्रो फिक्स असं लिहून पुढं सीव्हीईचा पूर्ण नंबर द्या आणि शेवटी दोन आडव्या रेघांसह ड्राय-रन जोडा. ड्राय-रन जोडलं की काही बदलत नाही, काय बदललं असतं एवढंच सांगितलं जातं.

आता घाई किती करायची. डर्टी पाइपला दहापैकी ७.८ गुण होते, पण नुसत्या गुणांवर जाऊ नका. त्रुटी वापरायला मशीनवर आधी लॉगिन लागतं का, हे पहिलं बघायचं. लागत असेल तर पुढचा प्रश्न, लॉगिन कुणाकुणाकडे आहे? अडतीच्या सर्व्हरवर मालक आणि मुनीम दोघंच असतील तर आजच्या रात्रीपर्यंत थांबता येतं. कॉलेजच्या लॅबमध्ये शंभर मुलांना लॉगिन दिलेलं असेल, किंवा सर्व्हरवर बाहेरून उघडणारी वेबसाइट असेल, तर नाही. वेबसाइटच्या एखाद्या कच्च्या प्लगइनमधून चोर साध्या वापरकर्त्याच्या हक्कांनी आत येतो आणि कर्नलच्या त्रुटीनं रूट होतो. दोन छोटी भोकं मिळून एक दार होतं. म्हणून 'लॉगिन लागतं, म्हणजे आपल्याला धोका नाही' हे पटवून घेऊ नका.

त्रुटीचा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापर सुरू झालाय का, हे दुसरं. अमेरिकेची सिसा ही सरकारी संस्था अशा त्रुटींची यादी चालवते. नेटफिल्टरमधली (कर्नलचा नेटवर्कची ये-जा गाळणारा भाग) सीव्हीई-२०२४-१०८६ ही कर्नलची त्रुटी २०२४च्या मे महिन्यात त्या यादीत गेली, जेव्हा तिची दुरुस्ती येऊन काही महिने झाले होते. यादीत नाव दिसलं की त्या दिवशीची बाकीची कामं मागे.

रोज येणारा प्रत्येक सीव्हीई मात्र वाचत बसू नका. २०२४च्या फेब्रुवारीपासून लिनक्स कर्नलची टीम स्वतःच हे नंबर देते, आणि सुरक्षेशी संबंध असू शकेल अशा जवळपास प्रत्येक दुरुस्तीला देते. वर्षाला हजारोंनी नंबर निघतात. त्या पुरात एकेक नंबर वेचण्यापेक्षा ठरलेल्या वेळी सगळी अपडेट्स घेणं हेच शहाणपणाचं, आणि कर्नलवाल्यांचाही सल्ला तोच आहे.

वेळ आणि वीज

हळदीचा हंगाम ऐन भरात असताना सकाळी सर्व्हरला हात लावायचा नाही. सौदे चालू असताना बिल थांबलं तर शेठ तुमचं काही ऐकून घेणार नाही, आणि त्यांचं चुकत नाही. दुकान बंद झाल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी वेळ घ्या, आणि ती आधी सांगून घ्या: "शेठ, आज आठनंतर अर्धा तास सर्व्हर बंद राहील, प्रिंट काढायच्या असल्या तर आधी काढून घ्या."

एप्रिल-मे मध्ये वळवाची चिन्हं असलेली संध्याकाळ असेल तर काम सरळ दुसऱ्या दिवसावर ढकला. मिरजेकडनं ढग भरून आले की वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि कर्नल बसत असताना मधेच वीज गेली तर अर्धवट फाइली उरतात. यूपीएस आहे म्हणून बिनधास्त राहू नका. अनेक दुकानांत बॅटरी मेलेली असते आणि यूपीएस नुसता एक्स्टेन्शन बोर्ड म्हणून लावलेला असतो. सर्व्हर रीतसर बंद करा, यूपीएसला टेबल लॅम्प किंवा पंखा जोडा, भिंतीवरचं बटण बंद करा आणि घड्याळ बघा. दहा मिनिटं तग धरली तर पुढं जा.

डेटाची प्रत घ्या. कर्नल अपडेट हिशेबाच्या फाइलींना हात लावत नाही, तरी घ्या. प्रत त्याच मशीनवर ठेवू नका, आणि दुकानात तळमजल्यावरही नको. २०१९चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना याचं कारण सांगावं लागत नाही.

अपडेट बसवणं

सुडो ॲप्ट अपडेट

ही पहिली. सुडो म्हणजे पुढची कमांड रूटच्या हक्कांनी चालवणं, ॲप्ट म्हणजे उबंटूवर पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम. या कमांडनं नुसती यादी ताजी होते, बसत काहीच नाही. नावामुळे पुष्कळांना वाटतं की काम झालं.

डीएफ -एच /बूट

ही दुसरी, आणि ही कुणी करत नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर बूटचा भाग सहसा वेगळा आणि लहान असतो. प्रत्येक नवा कर्नल तिथं जागा खातो. तो भरला की नवा कर्नल अर्धवट बसतो. ८०-९० टक्के भरलेला दिसला तर आधी सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह चालवा. नको असलेले जुने कर्नल तो स्वतः ओळखून काढतो आणि चालू असलेल्याला हात लावत नाही. बूटच्या फोल्डरमध्ये जाऊन फाइली हातानं उडवायच्या नाहीत, कितीही खात्री वाटली तरी.

सुडो ॲप्ट अपग्रेड

ही तिसरी. पुढं येणारी यादी वाचल्याशिवाय वाय दाबू नका. त्यात लिनक्स-इमेज, लिनक्स-मॉड्यूल्स आणि लिनक्स-हेडर्स अशी नावं नव्या आकड्यासह दिसली पाहिजेत, समजा ५.१५.०-११७. नवा कर्नल जुन्याला खोडून बसत नाही, तो शेजारी वेगळं पॅकेज म्हणून बसतो. जुना हाताशी राहतो, तो पुढं कामाला येईल.

जुन्या पुस्तकांत वाचून काही जण ॲप्ट-गेट अपग्रेड वापरतात. ती कमांड नवीन नावाचं पॅकेज घेतच नाही. कर्नल 'केप्ट बॅक' असं लिहून मागं ठेवला जातो, बाकी सगळं ताजं होतं, आणि त्या दोन शब्दांकडे कुणाचं लक्ष जात नाही. साधं ॲप्ट अपग्रेड वापरा.

यादीत कर्नल येतच नसेल, महिनोन्‌महिने येत नसेल, तर दोन ठिकाणं बघा. ॲप्ट-मार्क शोहोल्ड लिहिलं की कुणी कर्नल रोखून ठेवला असेल तर कळतं. काही सॉफ्टवेअरवाले आपला ड्रायव्हर बिघडू नये म्हणून कर्नल रोखून जातात आणि मालकाला सांगतही नाहीत. दुसरं, लिनक्स-इमेज-जेनेरिक हे पॅकेज जागेवर आहे का. ते स्वतः रिकामं असतं, पण नव्या कर्नलला ओढून आणायचं काम त्याचं. कुणीतरी जागा करायच्या नादात ते काढलेलं असलं तर सर्व्हर त्या दिवसापासून त्याच कर्नलवर गोठलेला असतो, आणि 'सगळं अपडेटेड आहे' असं मशीन प्रामाणिकपणे सांगत राहतं. ते पुन्हा बसवा, बाकी आपोआप मार्गी लागतं. फक्त आधी चालू कर्नलचा प्रकार जेनेरिकच आहे ना, हे यूनेमच्या शेवटच्या शब्दावरून बघून घ्या.

रीस्टार्ट

कमांड संपली, पडद्यावर चूक नाही, यूनेम -आर पुन्हा चालवा. उत्तर ५.१५.०-११३. जुनंच.

कारण कर्नल मशीन सुरू होताना एकदाच मेमरीत चढतो. डिस्कवर नवा येऊन बसला तरी चालू राहतो तो जुनाच, भोकासकट. हरिपूरला ओल लागलेल्या पेवाशेजारी (पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार) नवं पेव खणून तयार केलं, पण हळद अजून जुन्यातच आहे, तसं हे. एखादा प्रोग्रॅम अपडेट केला तर तो बंद करून उघडला की भागतं. कर्नलला अख्खं मशीनच बंद करून उघडावं लागतं.

उबंटू हे सांगतं, फक्त मोठ्यानं सांगत नाही. दुरून लॉगिन केलं की 'सिस्टम रीस्टार्ट रिक्वायर्ड' अशी एक ओळ येते. खात्री करायची तर ही फाइल आहे का बघा:

/व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड

फाइल असेल तर रीस्टार्ट बाकी आहे. तिच्याच शेजारी शेवटी डॉट पीकेजीएस असलेली फाइल असते, तिच्यात कुठल्या पॅकेजमुळे ते लिहिलेलं असतं. सर्व्हर चारशे दिवस बंद पडला नाही हे काही जण मिशीवर पीळ देऊन सांगतात. सुरक्षेच्या हिशेबानं त्याचा अर्थ कर्नल चारशे दिवस जुना, एवढाच.

सगळ्यांना बाहेर काढा, हिशेबाचं सॉफ्टवेअर बंद करा, सुडो रीबूट. परत आल्यावर यूनेम -आर. आता ११७ दिसला पाहिजे. बसवलेल्या कर्नलची यादी बघायची तर डीपीकेजी -एल लिहून पुढं लिनक्स-इमेज आणि त्याला चिकटून तारा (*) द्या. ओळीच्या सुरुवातीला दोनदा आय असलेले कर्नल बसलेले आहेत. आरसी असलेले काढून टाकलेले आहेत, त्यांची फक्त सेटिंगची फाइल उरली आहे.

रीस्टार्ट टाळायचा एक रस्ता आहे, लाइव्हपॅच. चालू कर्नलमधल्या बिघडलेल्या फंक्शनकडे जाणारी वाट मधेच वळवून दुरुस्त फंक्शनकडे नेली जाते. उबंटूवर त्यासाठी उबंटू प्रो लागतं, ते वैयक्तिक वापराला पाच मशीनपर्यंत मोफत आहे. पण लाइव्हपॅच मोठ्या आणि गंभीर त्रुटींपुरता असतो, सगळ्यांना पुरत नाही. आणि तो लागला तरी यूनेमचा आकडा बदलत नाही, स्थिती बघायला कॅनॉनिकल-लाइव्हपॅच स्टेटस ही वेगळी कमांड आहे. माझं मत विचाराल तर रात्री आठनंतर जे दुकान बंदच असतं त्याला लाइव्हपॅचची गरज नाही. रीस्टार्ट करा आणि मोकळे व्हा. चोवीस तास चालणाऱ्या मिरजेच्या हॉस्पिटलसारख्या ठिकाणी मात्र तो जरूर लावावा.

मशीन उठलंच नाही तर

इथं घाम फुटतो, पण वाट सोपी आहे. मशीन सुरू होताना ग्रबचा, म्हणजे कर्नल मेमरीत चढवणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू आणायचा. जुन्या पद्धतीच्या बायोसवर शिफ्ट दाबून धरायची, यूईएफआय असेल तर एस्केप एकदाच दाबायची. बडवत राहिलात तर मेनूऐवजी ग्रबचा काळा प्रॉम्प्ट येतो. मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडा, खाली जुना ११३ दिसेल, त्यावर एंटर. दुकान चालू होतं.

'कर्नल पॅनिक' आणि शेवटी 'अनेबल टू माउंट रूट एफएस' असं दिसलं असेल तर बहुधा नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल (मशीन उठताना कर्नलला सुरुवातीला लागणारी) तयारच झालेली नाही. बूटची जागा संपली किंवा मधे वीज गेली की असं होतं. जुन्या कर्नलवरून आत या, जागा करा, मग या तीन ओळी:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के ५.१५.०-११७-जेनेरिक
सुडो अपडेट-ग्रब

मशीन उठलं, पण वायफाय गेलं किंवा पडद्याचं रेझोल्यूशन बिघडलं, तर संशय ड्रायव्हरवर घ्या. स्वस्तातले यूएसबी वायफाय डोंगल, एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड, व्हर्च्युअलबॉक्स यांचे ड्रायव्हर पुष्कळदा डीकेएमएसमार्फत प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्यानं बांधले जातात. बांधणी फसली की ते हार्डवेअर मुकं होतं. डीकेएमएस स्टेटस लिहिलं की नव्या आकड्यासमोर 'इन्स्टॉल्ड' आहे की नाही ते कळतं. नसेल तर हेडर्सचं पॅकेज बसलंय का ते आधी बघा. सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर असा ड्रायव्हर पहिल्यांदा बसवला तर पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येऊन 'एमओके मॅनेजमेंट' असं काहीतरी विचारतो. तिथं कीबोर्डसमोर माणूस लागतो. हे काम घरी बसून दुरून करायला जाऊ नका.

जुन्या कर्नलवर दुकान चालू झालं म्हणजे विषय मिटला असं मात्र नाही. भोक उघडंच आहे. त्याच आठवड्यात नव्या कर्नलचं दुखणं शोधून त्यावर परत जायचं.

उठल्यावर सगळं बरोबर वाटलं तरी निघायच्या आधी एक बिल छापून बघा. वजनकाट्यावर काहीतरी ठेवून आकडा बिलात येतो का बघा, ती सीरियल ते यूएसबी वायर कर्नलच्याच ड्रायव्हरवर चालते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला लायसन्सची यूएसबी किल्ली असेल तर ती ओळखली जाते का बघा. सकाळी सातला फोन येण्यापेक्षा हे बरं.

काउंटरवरची विंडोज मशीन

मायक्रोसॉफ्टचे महिन्याचे पॅच दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते, म्हणून बुधवार धरायचा. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, तपासा, बसवा, रीस्टार्ट. त्यात अवघड काही नाही.

अवघड आहे ते हे. "अहो दादा, रोज रात्री बंद करून तर जातो की मशीन," मुनीम सांगतो, आणि तो खोटं बोलत नाही. पण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की 'शट डाउन' करताना कर्नल पुरता बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, सीपीयू, खाली 'अप टाइम' बघा. रोज बंद होणाऱ्या मशीनवर तिथं बावीस दिवस दिसले तर आश्चर्य नको. 'रीस्टार्ट' केलं तर मात्र कर्नल नव्यानं चढतो. म्हणून अपडेट वाट बघत असेल तेव्हा 'अपडेट अँड रीस्टार्ट' हेच निवडायचं. फास्ट स्टार्टअप कायमचं घालवायचं तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणाच्या सेटिंगखाली त्याची खूण काढा. सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल, एवढंच.

बसलं की नाही हे विनव्हर लिहून बघायचं. बिल्डच्या आकड्यात बिंदूनंतरचा भाग त्या महिन्याच्या अपडेटच्या माहितीशी जुळला पाहिजे.

मालक कुरकुरले तर वॉनाक्राय सांगा, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. पॅच आला १४ मार्च २०१७ला, हल्ला झाला १२ मे २०१७ला. मधे जवळपास दोन महिने होते. फाइल शेअरिंगचं काम करणारा जो ड्रायव्हर फोडला गेला तो कर्नलमध्येच चालतो, म्हणून कुणी कशावर क्लिक न करताही वॉनाक्राय नेटवर्कवरून एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरत गेला.

विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहेत, पण त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. काउंटरवर अजून विंडोज १० दिसत असेल तर नोंदणी झालीय का हे आजच विचारा.

शेठचा फोन

सेटिंग्ज, अबाउट फोन, त्यात अँड्रॉइडच्या आवृत्तीखाली सुरक्षा अपडेटची तारीख असते. वर्ष-महिना तर बघाच, पण दिवसही बघा. गूगल महिन्याच्या दोन पातळ्या काढतं. १ तारखेच्या पातळीत अँड्रॉइडचा वरचा भाग येतो, कर्नल आणि चिप बनवणाऱ्यांच्या भागातल्या दुरुस्त्या ५ तारखेच्या पातळीत येतात. १ तारीख दिसली तर त्या महिन्याच्या कर्नलच्या सगळ्या दुरुस्त्या आल्याच असं धरता येत नाही.

पुढच्या वेळेपासून

उबंटूवर अनअटेंडेड-अपग्रेड्स सहसा आधीच चालू असतं आणि सुरक्षा अपडेट्स स्वतः बसवतं. रीस्टार्ट मात्र करत नाही, ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. ईटीसीमधल्या ॲप्टच्या सेटिंग फोल्डरात ५० आकड्यानं सुरू होणाऱ्या त्याच नावाच्या फाइलीत ऑटोमॅटिक-रीबूट या ओळीला ट्रू करता येतं आणि खालच्या ओळीत पहाटेची वेळ देता येते. दुकान कुलूपबंद आहे, यूपीएस धड आहे आणि दोन-तीन अपडेट्स तुमच्या डोळ्यांदेखत सुरळीत पार पडलेत, तर हे करून टाका. डीकेएमएसचे ड्रायव्हर असलेल्या मशीनवर नको.

आणि एक वही ठेवा, किंवा फोनमध्ये तक्ता. मशीनचं नाव, अपडेटची तारीख, आधीचा आकडा, रीस्टार्टनंतरचा आकडा, काय बिघडलं. शेवटून दुसरा रकाना कधीही अंदाजानं भरायचा नाही. पडद्यावर बघायचं आणि उतरवायचं. बातमी आली आणि शेठचा फोन आला की मार्केट यार्डात गाडी काढून जायच्या आधी वही उघडता येते, आणि कुठल्या मशीनला आज हात लावायचा आहे आणि कुठल्याला नाही हे चहा गार व्हायच्या आत सांगता येतं.